सहावा आठवडा: सासूबाईंना एस लागतच नाही

सिंपल प्रेझेंटमधला तो एक एस, ही-शी-इट वाला, त्याच्या मागे लागून आता सहा आठवडे झाले. नियम पाचवीपासून पाठ आहे, लिहिताना चुकत नाही, पण बोलायला लागलं की कुठेतरी सांडतोच. तर ह्या वेळी आकडा जरा बरा आहे आणि एक भानगड सापडलीये, ती सांगायचीच आहे.

पद्धत तीच जुनी. ऑफिसवरून आल्यावर ठाण्यात तलावपाळीला चक्कर, कानात इअरफोन घालून फोनवर दहा मिनिटं इंग्लिशमध्ये घरचं काहीबाही बडबडायचं (लोकांना वाटतं क्लायंटचा कॉल चालू आहे, बरंच आहे), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलला बसायला मिळालं तर ते ऐकत वहीत उतरवायचं. ऐरोली-रबाळे करत घणसोली येईपर्यंत निम्मं होतं, उरलेलं परत येताना. सोमवार ते शुक्रवार पाच रेकॉर्डिंगं झाली, त्यात एस लागायला हवा होता अशी ६३ क्रियापदं निघाली, आणि १७ ठिकाणी मी तो खाल्ला. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त खात होते, म्हणजे ठीक चाललंय.

आजवर मला वाटायचं की दमले की चुका वाढतात, बाकी काही नाही. पण ह्या वेळी ती १७ वाक्यं एकाखाली एक लिहून काढली आणि बघतच बसले. माय मदर-इन-लॉ वेक अप ॲट फाइव्ह. माय फादर टेक टी विदाउट शुगर. अवर डॉक्टर से. कामवाल्या मावशींचंही तेच, शी न म्हणता नाव घेऊन सुरू केलं की कम, वॉश, गो. आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये माय मदर मेक्स, माय हजबंड फर्गेट्स, द लिफ्ट स्टॉप्स, हे सगळं एकदम चोख! नवऱ्याच्या बाबतीत तर एकही एस गेलेला नाही, आणि तो विसरतो हे मी बऱ्याचदा सांगितलेलं आहे.

मग ट्यूब पेटली. आई म्हणते, पण बाबा म्हणतात. नवरा विसरतो, पण सासूबाई उठतात, डॉक्टर सांगतात, मावशी येतात. माझ्या डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतंय, आदराच्या माणसाला तिथे अनेकवचन लागतंय, आणि तेच अनेकवचन घेऊन मी इंग्लिशमध्ये उतरतेय, जिथे अनेकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला एस नसतो. १७ पैकी ९ चुका ह्या एकाच भोकातून गळतायत. म्हणजे माझा नियम पक्काच आहे, फक्त तो मराठी वाक्याला लावला जातोय.

दुसरा गठ्ठा ५ चा, तो पण मराठीचाच पण आदर नाही त्यात. केस गळतात, म्हणून माय हेअर फॉल. पैसे जातात, म्हणून ऑल द मनी गो इन ईएमआय. सगळे ओरडतात, म्हणून एव्हरीबडी शाउट. इंग्लिशला हेअर आणि मनी एकवचनी लागतात, एव्हरीबडीमध्ये कितीही गर्दी असली तरी ते एकच धरतात. ह्याच्या उलटही होतं बरं का, चष्मा आपल्याकडे एकच, कात्री एकच, आणि त्यांच्याकडे ग्लासेस, सिझर्स अनेकवचनी. व्हेअर इज माय ग्लासेस असं मी रोज सकाळी म्हणते हे आत्ता लक्षात आलं, आर पाहिजे तिथे. ह्यात एस गळत नाही म्हणून माझ्या मोजणीत हे येतच नव्हतं, आता वेगळा रकाना केलाय.

उरलेल्या ३ नुसत्या जिभेच्या. आस्क्स म्हणून बघा पटकन. आस्कच होतं. ते सुटं घोकायचं, दुसरा इलाज नाही.

ह्या आदराच्या भानगडीवरून वाचता वाचता एक मजा कळली. इंग्लिशमध्येही हे होतं! यू हे मुळात अनेकवचन, एका माणसाशी बोलायला दाऊ होतं, आपल्या तू सारखं, आणि त्याला क्रियापदाचं वेगळं रूप, दाऊ गोएस्ट. मग मोठ्या माणसाला एकटा असला तरी यू म्हणायला लागले, सरळसरळ तुम्ही, आणि हळूहळू तो तुम्ही सगळ्यांनाच लागला आणि तू बिचारा गेला. म्हणून आज समोर एकच माणूस असला तरी यू आर म्हणतात, यू इज नाही. फक्त ही आणि शीला त्यांनी असा आदर दिला नाही, आणि मी नेमकी तिथेच आदर द्यायला जातेय. आणि तो एसही आधी सगळीकडे नव्हता, उत्तरेकडच्या बोलीतून खाली पसरला, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अजून गोएथ, हॅथ असं जुनंच आहे. पूर्व इंग्लंडातल्या नॉर्विचकडच्या जुन्या बोलीत तर आजही ही गो म्हणणारे सापडतात. तिकडे जन्मले असते तर ही वहीच लागली नसती.

असो. उपाय म्हणून बुधवारपासून एक करून पाहिलं, बोलायच्या आधी मनात सासूबाईंना ती करायचं. ती उठते, ती पूजा करते. सुरुवातीला मनातल्या मनात सुद्धा इतकं चोरट्यासारखं वाटलं की वाक्यच अडलं. घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं इंग्लिशमध्ये म्हण की ती, मराठीत म्हणून बघ फक्त." परवानगी मिळाली. गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये आदराच्या १४ क्रियापदांपैकी २ च गेली, पण एक नवीन रोग आला, एस इतका डोक्यात बसला की नकारातही दोनदा लागला. शी डझ नॉट लाइक्स गार्लिक. डझने एस घेतला की पुढच्याला काही उरत नाही, हे माहितीये, तरी.

पुढच्या आठवड्यात ऑफिसमधल्या सरांवर दहा मिनिटं बोलणार आहे, सर येतात, सर विचारतात, तिथे मनात तो करायला किती जड जातंय बघू. तुमच्यापैकी कोणी रेकॉर्ड करत असेल तर आई आणि बाबा वेगळे मोजून बघा आणि आकडे टाका, ज्यांच्या घरी बाबांना अरे-तुरे आहे त्यांचे तर नक्की पाहिजेत. माझ्या शनिवारच्या रेकॉर्डिंगमध्ये सासूबाई वेक्स अप झाल्यात, बाबा मात्र अजून टेक टीच करतायत.