उंची भरत नाही

"उंची भरत नाही हो त्याची," फुटबॉलचा कोच माझ्याकडे न बघताच म्हणाला. भाचा शेजारीच उभा होता. मग खाली बसून बुटाची बांधलेलीच नाडी सोडून परत बांधत राहिला.

गाडीवर मला बिली बॅसेट आठवला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश क्लबचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा; साडेपाच फूटही नव्हता. १८८८ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये या एकोणीस वर्षांच्या पोराने बलाढ्य प्रेस्टनच्या बचावाची दाणादाण उडवली. अल्बियन २-१ ने जिंकले. पुढे इंग्लंडकडून १६ सामने. आणि १९०८ पासून १९३७ मध्ये मरेपर्यंत त्याच क्लबचा अध्यक्ष!

सगळं रंगवून सांगितलं. भाचा मागून म्हणतो, "मामा, तेव्हा उंची मोजायची पट्टी नव्हती का?"