सोलापूरच्या हापशाला आफ्रिकेत गंज का चढतो

गावागावांत दिसणारा आपला इंडिया मार्क टू हापसा युगांडा, घाना, बुर्किना फासोतही सर्रास आहे. त्याचा पूर्वज सोलापूर पंप. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने त्यावरूनच मार्क टू बेतला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. जमिनीवरचा दांडा, साखळी, बेअरिंग तिकडेही दणकट ठरले. रड आहे ती जमिनीखालची.

दख्खनच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुधा जड असतं आणि त्याचा सामू (पीएच) सातच्या वर, म्हणजे ते आम्लधर्मी नसतं. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप त्यात वर्षानुवर्षं टिकतो. पश्चिम आफ्रिकेत आणि युगांडात बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइटसारख्या जुन्या, कुजलेल्या खडकातलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं. सामू ६.५ च्या खाली गेला की जस्त विरघळतं, मग पाईप आणि त्यातून दट्ट्यापर्यंत जाणाऱ्या सळया, दोन्ही गंजतात. मुलामा जाड दिला तर थोडे महिने मिळतात, एवढंच.

लोहामुळे पाण्याला गंजकट चव येते, चहा काळा पडतो, धुतलेल्या कपड्यांवर तांबूस डाग राहतात. तेवढ्या लोहाने सहसा कोणी आजारी पडत नाही. पण बायका तो हापसा सोडून पुन्हा दलदलीतल्या उघड्या झऱ्यावर जातात आणि आजार तिथून घरात येतात.

लोह पाईपातलं की खडकातलं, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रात्रभर बंद असलेल्या हापशाचं पहाटेचं पहिलं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा. मग तास-दीड तास सलग उपसा करून दुसरी बाटली भरा. खडकातलं विरघळलेलं लोह सुरुवातीला दिसत नाही, हवा लागल्यावर लाल होतं, म्हणून दोन्ही बाटल्या काही तास ठेवून मग बघा. पहिली लाल आणि दुसरी बरीच स्वच्छ, तर दोष पाईपांचा. दोन्ही सारख्याच लाल, तर लोह खडकातलं. ही साधी चाचणी न करता लोह काढायची गाळणी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. पाईप कुजतच राहतो, गाळणीतली वाळू तुंबते, शेवटी लोक गाळणीला वळसा घालून पाणी घेतात.

पाईपाला भोक पडल्याची खूण वेगळी. अर्धा तास थांबून दांडा मारा, पाच-सहा झटक्यांतही पाणी आलं नाही तर भोक पडलंय किंवा तळाची झडप गळतेय. दांडा एकदम हलका लागला तर सळई तुटली. तीस मीटरच्या बोअरमध्ये तीन मीटरचे दहा पाईप, वजन शंभर किलोच्या घरात. मार्क टूमध्ये वॉशर बदलायलाही हे सगळं उपसावं लागतं, आणि गंजलेला आटा मध्येच तुटला की खालचे पाईप बोअरमध्ये जातात. मग बोअरच गमावण्याची भीती.

उपाय दोन. पाणी ४५ मीटरपर्यंत असेल तर यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाईपांचा आफ्रिदेव हापसा. त्याचा दट्ट्या सळयांसकट वर येतो, पाईप हलवावे लागत नाहीत. मात्र सळयांवर त्यांना पाईपाच्या मधोमध धरणारे मध्यधारक बसवलेच पाहिजेत, नाहीतर सळई घासून पाईप कापते. त्याहून खोल असेल तर स्टेनलेस, ३०४ दर्जाचं, खारट पाण्यात ३१६. सळयाही स्टेनलेसच. निम्मे नवे स्टेनलेस आणि निम्मे जुने जस्ताचे पाईप जोडले तर जुने आणखी लवकर गंजतात.

खरेदीत फसगत इथेच होते. चुंबक चिकटत नाही म्हणून माल ३०४ चा, असं धरून चालतात. स्वस्त, मँगेनीजवाल्या २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही. निविदेत दर्जा लिहून भागत नाही, पोचलेल्या मालातले नमुने एक्स-रे यंत्राने तपासून घ्यावे लागतात. आणि ते पैसे देण्यापूर्वी.