जांभ्यातलं तळघर आणि उपशाचा पंप

कोकणात तळघरं तशी कमीच. पण उतार कापून बांधलेल्या घराचा खालचा मजला निम्मा जमिनीतच असतो, आणि जांभा, म्हणजे इथला सच्छिद्र तांबडा दगड, पाणी अडवत नाही. आषाढ लागला की भिंत आणि कोबा यांच्या सांध्यातून पाझर सुरू होतो. आतून वॉटरप्रूफिंगचे कितीही हात मारा, मागचा दाब तसाच राहतो. पाण्याला खड्डा द्यायचा आणि तिथून ते उपसायचं, हाच उपाय.

दुकानात ‘सबमर्सिबल’ एवढंच सांगितलंत तर बोअरचा नाहीतर विहिरीचा पंप हातात पडेल. दोन्ही स्वच्छ पाण्याचे. तांबड्या मातीचा गाळ त्यांना झेपत नाही. मागायचा तो गढूळ पाण्याचा ड्रेनेज पंप, फ्लोट स्विचसकट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचसकट.

हॉर्सपॉवर ठरवण्याआधी पाझर मोजा. खड्डा 60 सेंमी लांब-रुंद असेल तर पाणी 10 सेंमी चढलं म्हणजे 36 लिटर आले. भर पावसात तेवढं एका मिनिटात चढत असेल, तर तुमच्या उंचीला, म्हणजे पाणी जितकं वर चढवायचं तितक्या उंचीला, मिनिटाला 80 ते 100 लिटर टाकणारा पंप पुरतो. ‘तुमच्या उंचीला’ हे महत्त्वाचं, कारण डब्यावर लिहिलेल्या कमाल हेडला, म्हणजे सर्वांत जास्त उंचीला, पंप जवळजवळ काहीच पाणी देत नाही. घरगुती पाझराला बहुधा अर्धा एचपी पुष्कळ होतो. लोक हौसेने दीडचा आणतात. तो खड्डा क्षणात रिकामा करून बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि अशा सततच्या स्टार्टने कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जातं. पैसे घालायचेच तर खड्डा मोठा करण्यात घाला. खोली निदान 75 सेंमी हवी.

पंप तळाच्या चिखलात टेकवू नका, खाली चिरा किंवा सपाट दगड ठेवा. फ्लोट सगळीकडे मोकळा फिरला पाहिजे. भिंतीला अडकून वर राहिला तर पंप कोरडा चालून जळतो, खाली अडकला तर सुरूच होत नाही. पंप उचलायला नायलॉनची दोरी बांधा. केबलला धरून ओढला की ग्लँड (केबल मोटरीत शिरते तिथली सीलबंद जोडणी) सैल होऊन मोटरीत पाणी शिरतं.

पाणी बाहेर नेणाऱ्या डिलिव्हरी पाइपाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवीच. ती नसेल आणि बाहेरचं टोक तुंबलेल्या गटारात बुडालं, तर पंप बंद होताच गटाराचं पाणी त्याच पाइपातून उलट आत येतं. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपाला खड्ड्याच्या आतच 3-4 मिमीचं भोक पाडा, म्हणजे हवा अडकणार नाही. त्यातून बारीक चिळकांडी उडते, ती गळती समजून बुजवू नका. पाणी घराच्या उताराकडच्या अंगाला, लांब सोडा. जोत्याशी सोडलंत तर तेच पाणी जांभ्यातून फिरून पुन्हा खड्ड्यात.

खरा घात वीज करते. पाऊस सर्वांत जास्त तेव्हाच लाइट जाते. अर्धा एचपी पंप चालताना 500-600 वॅट घेत असला तरी सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून पंखे-दिव्यांचा छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. दीड-दोन केव्हीएचा घ्या. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी सलग दोनेक तास पुरते. पंप एक तृतीयांश वेळच चालत असेल तर पाच-सहा तास निघतात. प्लग छातीच्या उंचीवर, अर्थिंग नीट आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), यात काटकसर नको. खाऱ्या हवेत जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) फिटिंगपेक्षा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) टिकतं.

मृगाआधी खड्ड्यात बादल्या ओतून फ्लोट उचलतोय का ते पाहा. पावसाळ्यात पंधरवड्याने, प्लग काढून, जाळी धुवा. तिच्यावर तांबूस बुळबुळीत थर आणि काथ्या हमखास सापडतो.

हे सगळं पाझरासाठी. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये आला तसा पूर घरात शिरला तर मेन स्विच बंद असल्याशिवाय तळघरात उतरू नका, आणि ओसरल्यावरही एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आत रिकामं झालं की भिंत आत ढकलली जाते. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेलं असेल तर उपसणं अजून घाईचं आहे, थांबा.