झरीच्या वाटेवर वेगाचा हिशेब

नागपूरहून हिंगणघाट, वडकी करत पांढरकवड्यापर्यंत ४४ क्रमांकाचा महामार्ग आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. खरा प्रवास झरी जामणीकडे वळल्यावर सुरू झाला. सोबत मोठी आई होती. तिच्या कमरेचं दुखणं जुनं, म्हणून तिला पुढेच बसवलं. मागची सीट चाकांच्या जवळ येते, दचके तिथे जास्त बसतात.

आधी डांबरी रस्ता लागला. खड्डे कमी, पण खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरच्या डांबराला लांब लांब लाटा येतात. ६०च्या वेगात गाडी अशी डोलू लागली की मोठ्या आईला मळमळायला लागलं. "हळू घे ना बाप्पा!" ४०वर आलो तसं डोलणं पुष्कळ कमी झालं. स्प्रिंगवर तोललेली गाडी मुळातच सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होते. १२ मीटरची लाट ६०च्या वेगाने ओलांडली की धक्केही नेमके त्याच तालात बसतात आणि डोलणं वाढत जातं.

मुरुमाच्या रस्त्यावर मात्र ३०सुद्धा सोसवेना. चाकांनीच पाडलेले आडवे वरंबे, एकेक दीड हातावर. या वेगात सेकंदाला बारा धक्के, आणि चाकं स्वतः साधारण याच गतीने थरथरतात. दाराच्या कप्प्यातली बाटली खडखड वाजत होती, मोठ्या आईचं बोलणं शब्दाशब्दाला तुटत होतं.

अशा ठिकाणी गाडी ५०-६०वर नेली की खडखड खरंच कमी होते. चाकाला खाचेत उतरायला वेळच मिळत नाही, ते माथ्यावरून माथ्यावर जातं. या भागातले बरेच ड्रायव्हर असेच दामटतात. मला ते अजिबात पटत नाही. टायर धड जमिनीला टेकत नसेल तर ब्रेक कशावर लागणार? वळणापलीकडे बकऱ्या असतात, कापसाने भरलेली बंडी असते, शाळेतून सुटलेली पोरं असतात.

म्हणून १५च्या आतच चालवली. प्रत्येक वरंबा कळत होता, पण कमरेला झटका नव्हता. मोठी आई पुन्हा सलग बोलू लागली, शेतांकडे बोट दाखवून कोणतं कोणाचं ते सांगू लागली. पोचायला दुपार टळेल, हे पांढरकवड्यातूनच फोन करून कळवलं होतं.