बूट उलटा करून बघावा

सेफ्टी शूजच्या दुकानात एक ठरलेला प्रयोग चालतो. दुकानदार बुटाच्या नाकावर हातोडीचे दोन ठोके मारतो, आतली लोखंडी टोपी खणखणते, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि बूट खोक्यात जातो. गोदामात पेट्या उचलणाऱ्याला एवढी परीक्षा पुरते. झाडं तोडणाऱ्याने मात्र बूट हातात घेतला की आधी उलटा करावा. नाकाकडे नंतर बघता येतं.

झाडतोडीत वरून काय पडेल याची धास्ती सगळ्यांनाच असते. माणूस घसरतो तो मात्र खालच्या पाचोळ्यावरून. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे दिवस आठवा. वळवाची एखादी सर येऊन गेलेली, साल ओलसर, तांबड्या मातीचा वरचा पापुद्रा तेवढा भिजलेला आणि त्यावर ताज्या डहाळ्यांचा घोटाभर थर. त्याखाली गोटा आहे, मूळ आहे की खड्डा, हे पाय टाकल्यावरच कळतं. हातात पाच-सहा किलोची, इंजिनाच्या करवतीची चालू मशीन असताना तिथे पाय सटकला, तर पडण्यापेक्षा मशीन कुठे जाते याची काळजी मोठी.

म्हणून तळ. त्याच्या खाचा निदान चार मिलिमीटर खोल हव्यात, आणि खोलीइतकीच त्यांची रुंदीही बघावी. बारीक, दाट नक्षी दुकानात छान दिसते, पण कोकणातली चिकण तांबडी माती तिच्यात बसली की बाहेर यायचं नाव घेत नाही आणि दहा पावलांत तळ गुळगुळीत. दोन ठोकळ्यांमध्ये करंगळीचं टोक जाईल इतकी फट असली, की चालता चालता चिखल आपोआप झडतो. टाच वेगळी, खाली उतरलेली आणि पुढच्या बाजूला सरळ कापलेली असावी. उतारावर खाली येताना हीच धार मातीत रुतते, शिडीच्या पायरीवर हीच अडते. सपाट तळाचे बूट चालायला मऊ असतात, पण शिडीवर त्यांचा भरवसा नाही.

मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल मुळात वाकतं. मधल्या कमानीतच दुमडला तर आत पोलादाची किंवा फायबरची पट्टी नाही असं समजावं. असा बूट घालून फांदीच्या बेचक्यात किंवा शिडीच्या गोल पायरीवर अर्धा तास उभं राहिलं की तळपायात पेटके येतात. नारळावर चढणारा पाडेली अनवाणी चढतो आणि त्याचं बरोबरच आहे. खोडाची खाच पायाला जेवढी कळते तेवढी कुठल्याही तळाला कळणार नाही. पण त्याच्या हातात कोयती असते आणि तो खाली लाकडं ओढत बसत नाही. इंजिनाची करवत हातात आली की अनवाणी पायाचा मुद्दा संपला.

तळ कशाचा, हेही विचारावं. आपल्याकडच्या स्वस्त सेफ्टी शूजना बहुतेक वेळा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ असतो. हलका, मऊ, दिवसभर घालायला सुखाचा. त्याचा शत्रू दमट हवा. हवेतल्या बाष्पाने पीयूची साखळी आतून तुटत जाते आणि काही वर्षं न वापरता ठेवलेला नवाकोरा बूट एके दिवशी पाऊल टाकताच तळापासून भुगा होऊन गळतो. लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. नसतोही. त्यामुळे पीयूचा बूट घेताना तळावर किंवा जिभेच्या आत छापलेला उत्पादनाचा महिना बघावा आणि ‘जुना स्टॉक, निम्म्या किमतीत’ या पाटीला भुलू नये. नायट्राइल रबराचा तळ जड पडतो, पण तेल-पेट्रोलला दाद देत नाही आणि मशीनच्या तापलेल्या सायलेन्सरला टेकला तरी लगेच वितळत नाही. झाडतोडीला तोच बरा.

आता काटे. बाभळीचा जुना काटा बोटभर लांब असतो आणि पीयूचा तळ तो लोण्यासारखा भेदतो. त्याहून वाईट म्हणजे सड. कारवी किंवा बांबू कोयत्याने तिरका तोडला की जमिनीतून वीतभर भाला उभा राहतो आणि तो पाचोळ्यात दिसत नाही. यासाठी तळाच्या आत भेदरोधक थर लागतो; बुटावर ‘एस१पी’ किंवा ‘एस३’ हा दर्जाचा शिक्का असेल तर तो आहे. हा थर पोलादाचा असतो किंवा घट्ट विणलेल्या कापडाचा. पोलादी पत्रा जास्त भक्कम, पण तो कडेपर्यंत पोचत नाही, एक किनार उघडी राहते. कापड कडेला शिवलेलं असल्याने सगळा तळ झाकतं, मात्र बारीक टोकापुढे ते कमी टिकतं. सेफ्टी शूजच्या आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीने म्हणूनच कापडी थरांचे दोन भाग केले: ‘पीएल’ची परीक्षा साडेचार मिलिमीटरच्या खिळ्याने, ‘पीएस’ची तीन मिलिमीटरच्या. बाभळीच्या रानात काम असेल तर ‘पीएस’ किंवा सरळ पोलाद.

‘एस३’मध्ये वरचं चामडंही पाण्याला काही काळ थोपवतं. एक गैरसमज मात्र जीवघेणा आहे. या बुटांना ‘अँटीस्टॅटिक’ म्हणतात ते ऐकून काहीजण त्यांना विजेपासून बचाव समजतात. अँटीस्टॅटिक बूट अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत जाऊ देतो, म्हणजे तो थोडासा वाहकच असतो. फांदी तारेला टेकली असेल तर बुटाचा विचार करत बसू नये. वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यावी आणि तोवर झाडाला हात लावू नये.

एवढं झाल्यावर नाक. आयएसआय चिन्हाजवळ आयएस १५२९८ हा आकडा शोधावा आणि त्याचा भाग वाचावा. भाग २ म्हणजे टोपीने २०० ज्यूलचा (ज्यूल हे आघाताच्या ऊर्जेचं माप) आघात सोसून आत मापानुसार साडेबारा ते पंधरा मिलिमीटर जागा राखली. भाग ३ म्हणजे १०० ज्यूल. भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही, पण बूट दिसायला तसाच. २०० ज्यूल ऐकायला भरभक्कम वाटतात. ओल्या आंब्याचा ३० सेंटीमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओंडका साधारण ६० किलोंच्या वर भरतो. तो जेमतेम फूटभरावरून पडला तरी २०० च्या आसपास ज्यूल होतात. म्हणजे टोपी उचलताना निसटलेल्या ओंडक्यासाठी आहे, झाडावरून सुटलेल्या फांदीसाठी नाही. शिवाय ती फक्त बोटं झाकते. घरंगळत आलेला ओंडका बोटांच्या मागे, पावलाच्या उंचवट्यावर चढतो आणि तिथली हाडं नाजूक. रोज ओंडके लोटायचे असतील तर त्या जागी वेगळी ढाल असलेला, ‘एम’ अक्षराचा बूट असतो.

आणि टोपी कितीही जाड असली तरी ती करवतीवरचा उपाय नाही. पूर्ण रेसवर साखळी सेकंदाला २० मीटर आणि त्याहून वेगाने धावते. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. टोपीवर आली तर एखाद वेळ घसरून जाईल, चार बोटं मागे आली तर चामडं तिला कागद. त्यासाठीचे बूट वेगळे, आयएसओ १७२४९ मानकाचे, ढालीत करवतीचं चित्र असलेले. त्यांत जिभेत आणि नडगीपर्यंत पुढच्या बाजूला चिवट धाग्यांचे अनेक थर असतात. आकडे वेगाचे: पातळी १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, २ म्हणजे २४, ३ म्हणजे २८, ४ म्हणजे ३२. बागेतल्या छोट्या मशीनला पहिली पातळी चालते, रोजच्या कंत्राटी कामाला दुसरीच्या खाली जाऊ नये. संरक्षण फक्त पुढून असतं, टाचेला आणि तळाला नाही. मशीन धरताना डावा हात पुढे आणि बहुधा डावा पायही पुढे. फांदी तुटताक्षणी मशीन आपल्या वजनाने खाली येते ती त्याच पायाकडे. हे बूट महाग आहेत, साध्या सेफ्टी शूजच्या कितीतरी पट, आणि बाजारात सहज मिळत नाहीत. मशीन विकणाऱ्या दुकानदाराकडे मागवावे लागतात. पण मशीन घेताना घासाघीस न करणारा कंत्राटदार बुटांशी आला की एकाएकी काटकसरी होतो, हे काही पटत नाही.

गमबूट तेवढे स्वस्त, म्हणून पावसात सगळ्यांच्या पायात तेच. फुरशापासून त्यांचा उपयोग आहे, नाकारायचं कारण नाही. पाचोळ्यात पडलेलं फुरसं घोट्याच्या आसपासच डसतं. पण गमबुटात घोटा मोकळा हलतो आणि पाय मुरगळायचा तो मुरगळतोच. घोट्याच्या वरपर्यंत नाडीने आवळता येणारा, आठ इंच उंचीचा चामडी बूट दोन्ही कामं करतो.

माप संध्याकाळी घ्यावं, पाय दिवसभरात फुगलेले असताना आणि कामाचेच जाड मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा हवी. दुकानात शिडी किंवा उताराची फळी असेल तर तिच्यावरून उतरून बघावं: बोटं टोपीला टेकली तर उतारावर दोन दिवसांत नखं काळी पडतील. आपले पाय पुढे पसरट असतात, म्हणून लांबी वाढवून रुंदीची भर काढू नये, रुंद साचा मागावा. टोपी चामड्यासारखी सैल होत नाही, जिथे पहिल्या दिवशी टोचली तिथे शेवटपर्यंत टोचेल. नाडीचे उघडे आकडे डहाळ्यांत अडकतात. वरची नाडी गुंडाळून पॅंटच्या आत घ्यावी, गाठ दुहेरी.

भिजलेला बूट चुलीपाशी ठेवला की चामडं आक्रसून चवड्याशी तडकतं आणि तळाचा डिंक सुटतो. आतली गादी काढावी, कागदाचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत, सावलीत वाळवावा. खोबरेल तेल चोपडायची हौस अनेकांना. थोडं चालतं, जास्त झालं की चामडं लिबलिबीत होऊन घोट्याशी आधार राहत नाही. मेणाचं पॉलिश शिलाईवर जास्त चोळावं, कारण घामाच्या मिठाने आधी टाके जातात. कडेने शिवलेला तळ बदलून मिळतो, साच्यात ओतलेला मिळत नाही; वर्षातून दोनदा बूट झिजवणाऱ्याने हा हिशेब खरेदीच्या वेळीच करावा.

साखळी एकदा लागलेला बूट मात्र वरून कितीही नीट शिवला तरी बाद. आतले धागे ओढले गेलेले असतात, पुन्हा ते काम करत नाहीत. असा बूट टाकण्यापूर्वी कोयत्याने जिभेपासून नाकापर्यंत चिरावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो ओंडके ओढणाऱ्या एखाद्या पोराच्या पायात दिसतो.