जारच्या गाड्या आणि तीस फुटी गल्ली

एप्रिलमधली सकाळ. सव्वासातला ११२ वरून निरोप आला: लातूरला औसा रोडच्या बाजूच्या एका कॉलनीत गाडी लावण्यावरून दोन शेजाऱ्यांत जुंपली आहे, गल्ली बंद पडली आहे. वाहतूक शाखेत हे नेहमीचंच. ई-चलनाचं यंत्र बरोबर असतंच, पण अशा ठिकाणी जाताना मी आणखी दोन वस्तू घेतो, शंभर फुटी फीत आणि किलोभर चुन्याची फक्की. त्या दिवशी यंत्रापेक्षा याच दोन वस्तू कामाला आल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गल्लीत शिरलो तर चार छोटे हत्ती, म्हणजे मालवाहू छोटे टेम्पो, उभे. चारही गाड्यांच्या हौद्यात थंड पाण्याचे जार. दोन गाड्या डाव्या हाताला एकामागे एक, तिसरी त्यांच्या बरोबर समोर उजव्या हाताला आणि चौथी कोपऱ्यावर, अगदी वळणात. डावीकडची दुसरी गाडी निवृत्त गुरुजींच्या फाटकासमोर निम्मी आलेली. गुरुजींची कार आत अडकलेली. साडेसहाला उदगीरला लग्नाला निघायचं होतं, घरातली सगळी मंडळी नटूनथटून ओट्यावर बसलेली. गाडीचा ड्रायव्हर रात्री गाडी लावून, किल्ली खिशात घालून गावाकडं गेलेला.

गुरुजी म्हणाले, "साहेब, रोजचंच झालंय हे. पहाटे पाचपासून जार आदळायलेत, फाटकासमोर गाड्या लावायलेत. बोललं की अंगावर येतेत."

शेजारच्या पाण्याच्या प्लांटचे मालक, जारवाले भाऊ, उसळले, "मग मी गाड्या लावू कुठं, डोक्यावर? निम्म्या गल्लीत माझंच पाणी पितेत की साहेब."

दोघांचंही खरं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, ते दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. धनेगावच्या मांजरा धरणावर जगणाऱ्या या शहरात जारवाला म्हणजे उन्हाळ्याचा आधार असतो. त्याला गल्लीतून हाकलून देणं हा काही उपाय नव्हे.

आधी गुरुजींची कार काढायची होती. टोइंगची गाडी मागवा, असा गल्लीचा आग्रह. पण भरलेला छोटा हत्ती उचलणं दिसतं तितकं सोपं नाही. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये असताना पुढून उचलून ओढली, तर मागची चाकं घासत जातात, टायर आणि गिअरबॉक्स दोन्हींची वाट लागते. शिवाय २० लिटरचा भरलेला जार २० किलोच्या वर जातो. ३५ जार म्हणजे सात-साडेसातशे किलो. गाडी कलली की माल एका अंगाला सरकतो. त्यामुळं पहिला प्रश्न नेहमी एकच: दुसरी किल्ली कुठं आहे? ती भाऊंच्याच कपाटात निघाली. दोन मिनिटांत गाडी हलली आणि गुरुजींची कार बाहेर आली. पाऊण तासाचं भांडण दुसऱ्या किल्लीपाशी मिटलं असतं, पण ती कोणाला आठवलीच नाही.

लग्नाला जायचं सोडून गुरुजी थांबले. घरच्यांना पुढं पाठवलं आणि म्हणाले, "आज याचा निकाल लागूच द्या."

मग कायदा. दोन्ही बाजूंनी चुकीचं ऐकलेलं असतं, म्हणून तो आधी सांगावा लागतो. जारवाल्या भाऊंचं म्हणणं, गाडी दहा तासांपेक्षा कमी उभी असली तर पोलिसांना हात लावता येत नाही. हे अर्धं सत्य. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२७ मध्ये दहा तास आहेत, पण ते बेवारस किंवा मालकाविना सोडून दिलेल्या गाडीला. जिथं गाडी लावायला कायद्यानं मनाई आहे, तिथली गाडी उचलायला दहा तासांची वाट पाहावी लागत नाही. आणि इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी उभी करणं कलम १२२ मध्ये येतं, तिथं तासांचा हिशेबच नाही. कलम १७७ खाली दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १५०० पर्यंत.

गुरुजींची समजूत वेगळी. फाटकासमोरची जागा आपली, म्हणून त्यांनी स्वतःच 'नो पार्किंग'ची पाटी रंगवली होती आणि सिमेंट भरलेले दोन डबे रस्त्यावर ठेवले होते. फाटक अडवणं चूकच, त्यात वाद नाही. पण फाटकाच्या दोन्ही बाजूंचा रस्ता सार्वजनिक आहे. घरमालकानं रंगवलेल्या पाटीला कायद्याचं बळ नसतं, ते अधिसूचना काढून लावलेल्या फलकाला असतं. आणि रस्त्यावर ठेवलेले डबे हा स्वतःच एक अडथळा. महापालिका ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली नोटीस न देता उचलून नेऊ शकते.

एवढं बोलून झालं तरी गल्ली पेटलेलीच. तेव्हा फीत काढली.

मोजायचं कसं, हे महत्त्वाचं. लोक गाडीपासून गाडीपर्यंत मोजतात आणि तिथंच चुकतात. मोजायचं असतं एका बाजूच्या प्लॉटच्या हद्दीपासून समोरच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंत, म्हणजे कंपाउंड भिंतीपासून कंपाउंड भिंतीपर्यंत, आणि एका जागी न मोजता तीन-चार ठिकाणी. मंजूर लेआउटमध्ये ही गल्ली तीस फुटांची. भिंत ते भिंत बरोबर तीस फूट भरली. दोन्हीकडच्या नाल्या दीड-दीड फूट धरल्या तरी २७ फूट रस्ता मिळायला हवा. प्रत्यक्षात चाकाखाली येणारा रस्ता भरला साडेअठरा फूट.

साडेआठ फूट गेले कुठं? गाड्यांनी तर ते खाल्लेले नव्हते. प्रत्येक फाटकापुढं गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार, बसायचा ओटा, कुंड्यांची रांग, कूलरचं लोखंडी स्टँड, एका घरापुढं तर धुणं धुवायची शिळा. गुरुजींचा उतार नालीच्या पुढं साडेचार फूट आलेला. छोटा हत्ती रुंदीला पाच फूट असतो. म्हणजे गुरुजींच्या उतारानं जवळजवळ एका गाडीची रुंदी खाल्ली होती. मी आकडा मोठ्यानं वाचला. गुरुजींनी स्वतः येऊन फितीचं टोक धरलं, वाकून आकडा पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. इतका वेळ तावातावानं बोलणारी बाकीची घरंही आपापल्या उतारांकडं बघायला लागली.

आता गाड्या. साडेअठरा फुटांत समोरासमोर दोन छोटे हत्ती म्हणजे दहा फूट. उतारापासून प्रत्येकी नऊ इंच अंतर धरलं की साडेअकरा. मध्ये उरले सात फूट. १०८ ची रुग्णवाहिका आरसे मिटून कशीबशी निघेल. अग्निशमनची गाडी आठ फुटांची, ती निघणारच नाही. कागदावरचा हा हिशेब लोकांना पटत नाही, म्हणून अग्निशमन केंद्राला फोन केला आणि गाडी मोकळी असेल तर पाठवा म्हणालो. अर्ध्या तासात बंब आला.

हे दृश्य मी विसरणार नाही. बंब कोपऱ्यावर आला आणि वळणातल्या चौथ्या गाडीपाशीच थांबला. लांब गाडीचं मागचं चाक वळताना पुढच्या चाकापेक्षा आतून जातं, त्यामुळं कोपऱ्यावर उभी असलेली एक गाडी पूर्ण गल्ली बंद करते. ती काढली. बंब आत आला, समोरासमोरच्या दोन गाड्यांपाशी ड्रायव्हरनं आरसे मिटले, हात बाहेर काढून अंतर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "पुढं जात नाही साहेब. आणि मागं घ्यायचं म्हटलं तर पार कोपऱ्यापर्यंत रिव्हर्स." भाऊ बोनेटपाशी उभे होते. त्यांच्या प्लांटच्या खोलीत तीन फेज मोटारी, चिलर आणि वर पत्र्याचं छत. आग लागली तर पहिली तिथंच लागायची, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. पण चार गाड्या गल्लीत का थांबतात, हे समजल्याशिवाय तोडगा टिकत नाही. म्हणून प्लांटमध्ये उभा राहून भरणं पाहिलं. तीन नळ. एक जार भरायला मिनिटभर. ३५ जार भरायला बारा मिनिटं, चढवायला आणखी सात-आठ. म्हणजे एक गाडी वीस मिनिटांत मोकळी. पण चारही ड्रायव्हर पाचलाच यायचे, कारण जो आधी भरेल तो आधी मोकळा होईल. शेवटचा सहाच्या पुढंपर्यंत नुसता उभा. आणि रात्री चारही गाड्या दारातच, कारण डिझेल आणि बॅटरी चोरीला जाण्याची भीती.

एकाच जागी दोन गाड्या का बसत नाहीत, याचंही उत्तर फितीत होतं. प्लॉट तीस बाय चाळीसचे. पुढचं तोंड तीस फूट, त्यात दहा फुटी फाटक, उरले वीस. छोटा हत्ती लांबीला साडेबारा फूट. एक आरामात मावतो. दुसरा लावला की पंचवीस फूट होतात, तो फाटकावर चढणारच. ड्रायव्हरच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिथं जागाच नव्हती.

ठरलं ते असं. गाड्या एकाच बाजूला, उजवीकडं. तिकडं फाटकं कमी आहेत आणि महावितरणचे खांब डावीकडं आहेत, त्यामुळं डावी बाजू मोकळी राहिली तर खांबावर काम करायला शिडीची गाडीही येते. एका प्लॉटपुढं एकच गाडी. कोपऱ्यापासून वीस फूट कोणीही काही लावायचं नाही, दुचाकीसुद्धा नाही. एका बाजूला गाडी असेल तर साडेअठरातले पावणेतेरा फूट मोकळे राहतात, बंब सरळ जातो. भरायला गाडी वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं यायची, पहिली सव्वापाचला. रात्री गल्लीत दोनच गाड्या, बाकीच्या दोन मोंढ्याकडच्या एका गोदामाच्या आवारात, जिथं रात्रपाळीचा राखणदार आहे. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर ड्रायव्हरचा आणि मालकाचा मोबाइल नंबर. दुसऱ्या किल्ल्या प्लांटमध्ये एका खिळ्यावर.

हे सगळं साध्या कागदावर लिहून घेतलं, दोन्ही बाजूंच्या आणि चार घरांच्या सह्या, एक प्रत आमच्याकडं. मग चुन्याची फक्की घेऊन गाड्यांच्या जागा आखल्या, प्रत्येकी पंधरा फूट लांब, म्हणजे पुढंमागं सव्वा सव्वा फूट सुटतं. फक्की हातानं टाकली की रेघ फुगते, म्हणून डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडून त्यातून झटकायची. सांडलेल्या पाण्याचंही त्याच दिवशी बोललो. जार धुतलेलं पाणी रस्त्यावर सोडलं की डांबराची कड सुटते, महिन्याभरात खड्डा पडतो आणि शेवाळावरून दुचाकी घसरते. ते पाणी पाइपानं नालीत सोडायचं ठरलं.

चलन मी त्या दिवशी दोनच फाडले, फाटकासमोरच्या गाडीचं आणि कोपऱ्यावरच्या गाडीचं. ते भाऊंना मान्य होते.

ज्यांच्या गल्लीत असंच चाललंय, त्यांनी तक्रार करताना फोटो नीट काढावेत. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक फोटोंत नुसती नंबरप्लेट असते, त्यावरून अडथळा सिद्ध होत नाही. एका फोटोत नंबरप्लेट आणि अडलेलं फाटक दोन्ही दिसावं, वेळ दिसावी, आणि गाडी सोडून दिलेली असेल तर दहा तासांनंतरचा दुसरा फोटो त्याच जागेवरून काढलेला असावा. अर्ज वाहतूक शाखेकडं द्यावा. उतार, ओटे आणि निवासी भागातला धंदा हे विषय महापालिकेचे, त्यांचा अर्ज वेगळा. एकाच अर्जात सगळं घातलं की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. आणि अर्जाआधी आपल्या फाटकापुढं स्वतः फीत लावून पाहावी.

आठ दिवसांनी घंटागाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली. पहाटे सव्वापाचच्या आधी जार आदळायचा आवाज येत नाही, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं. गोदामातल्या दोन गाड्यांचं भाडं कोणी द्यायचं, यावर भाऊ आणि ड्रायव्हर यांचं अजून जमलेलं नाही. त्यामुळं एखाद्या रात्री तिसरी गाडी गल्लीत दिसते, पण उजवीकडं आणि रेघेच्या आत. गुरुजींनी गवंडी बोलावून उताराचे तीन फूट फोडून घेतले, नालीवरचा भाग लोखंडी जाळीचा केला, म्हणजे नालीही साफ करता येते. मृगाच्या पहिल्या पावसात चुना वाहून जाईल, म्हणून रंगाच्या पट्ट्यांसाठी महापालिकेला पत्र दिलं आहे.