पातळ पारी

डिमसम म्हणजे चहाबरोबर खायचे, बहुतेक बांबूच्या करंड्यांत वाफवलेले छोटे चिनी पदार्थ. त्यांच्या छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या हॉटेलात कोणी हसून स्वागत करील या भरवशावर जाऊ नये. हाँगकाँगमध्ये शाम शुई पोसारख्या जुन्या, दाटीवाटीच्या भागात अशी हॉटेलं अजून तग धरून आहेत. दारातच वाफेचा लोट, आत बोटांवर मोजण्याइतकी टेबलं आणि गल्ल्यावर घरातलीच एखादी बाई. ती नजर वर करते ती फक्त माणसं मोजायला. आपण बोटं दाखवायची, तिने हनुवटीने खुर्ची दाखवायची. त्या टेबलाशी आधीच कोणी आजोबा पेपर उघडून बसलेले असतात. अनोळखी माणसाच्या टेबलाशी जाऊन बसण्यात तिथे कोणाला वावगं वाटत नाही. आजोबा मान वर करत नाहीत, फक्त आपली किटली वीतभर अलीकडे ओढून घेतात. झालं स्वागत.

मला हे आवडतं. दर पाच मिनिटांनी येऊन "सगळं ठीक आहे ना?" असं विचारणाऱ्या हॉटेलांत उगाच अवघडायला होतं. इथे तो धोका नाही.

चहा कुठला, हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न. दूध-साखरेचा विषयच नाही. काळपट, मातकट वासाचा पु-अर, फिकट शौ मेई, जॅस्मिन, नाहीतर शेवंतीच्या फुलांचा. पैसे माणशी लागतात. नवख्याने पु-अर घ्यावा. पुढे जे तेलकट पोटात जाणार आहे ते त्याच्यामुळेच निभतं. पहिली वाफाळती धार मात्र प्यायची नसते. तिने वाटी, पेला, चॉपस्टिक्स विसळायच्या आणि ते पाणी वाडग्यात ओतून द्यायचं. भांडी आतून धुऊनच आलेली असतात, पण सवयीचा हात ऐकत नाही. किटली संपली की हाका मारायच्या नाहीत, झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं. जाता जाता कोणीतरी गरम पाणी ओतून जातं. शेजारच्याने आपल्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, की आभार पोचले. चीनचा जुना बादशहा छ्येनलुंग वेश पालटून फिरत असताना त्याने नोकराच्या पेल्यात चहा ओतला; गुडघे टेकले तर बिंग फुटायचं, म्हणून नोकराने बोटं टेकवली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो की खोटी, सोय मोठी आहे. तोंडात घास असतानाही आभार मानता येतात.

मेन्यू म्हणजे एक कागद आणि बुटकी पेन्सिल. ढकलगाडीवर करंड्या रचून फिरवायची जुनी पद्धत मोठ्या हॉलमधली; इथे गाडी वळवायला जागाच कुठे आहे? कागदावर पदार्थ लहान, मध्यम, मोठे आणि खास अशा वर्गांत विभागलेले असतात आणि दर त्या वर्गाचा असतो. चिनी वाचता येत नसेल तर शेजारच्या करंडीकडे सरळ बोट दाखवावं. कोणी रागावत नाही. एकदा तर समोरच्या आजोबांनी पेपर खाली ठेवून माझ्या कागदावर स्वतःच एक खूण करून टाकली. आले ते कोंबडीचे पाय.

हे पाय आधी तळतात, मग गार पाण्यात टाकतात, त्याने कातडी फुगून सुरकुतते. नंतर मसाल्यात शिजवून, आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या रसात पुन्हा वाफवतात. मांस असं त्यात नसतंच. कातडी चोखायची आणि बारीक हाडं बशीत काढून ठेवायची. ज्याला जमत नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. पण एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या भागावर इतके सोपस्कार करणाऱ्या लोकांबद्दल आदर मात्र वाटतोच. शाकाहारी माणसाला इथे जपूनच बसावं लागतं. मुळ्याच्या वड्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नये, त्यांतही चिनी सॉसेजचे तुकडे आणि सुकी कोळंबी असते.

स्वयंपाकघराचा कस खरा कळतो तो 'हा गाउ' या पदार्थावर, म्हणजे कोळंबीचं सारण भरलेल्या पुडीवर. गव्हाचं सत्त्व आणि टॅपिओकाचं पीठ यांवर उकळतं पाणी ओतून उकड काढतात. गोळी लाटत नाहीत. रुंद, बोथट पात्याचा सुरा तेलाने पुसून गोळीवर टेकवतात आणि मनगटाला एक हलकी फिरकी देतात. सुरा उचलला की खाली गोल, पातळ पारी. या पिठाला चिवटपणा नाही. ताणलं की फाटतं, उघडं राहिलं की वाळतं. त्यामुळे एकाने पारी करायची आणि दुसऱ्याने लगोलग भरायची. कळ्या एकाच बाजूला पाडायच्या, निदान सात. हात सराईत असेल तर दहाच्या वर जातात. मग थोडीच मिनिटं वाफ. ती कमी पडली तर पीठ पांढरट, कच्चं. जास्त झाली तर पारी चॉपस्टिकला चिकटून फाटते आणि कोळंबी सोया सॉसमध्ये डुबकी मारते. जमलेल्या पुडीतून आतली कोळंबी गुलाबी दिसते आणि दाताखाली करकरते. मोदक वळणाऱ्यांना यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

आणि एवढं करून चार नगांची करंडी साधारण तीसएक हाँगकाँग डॉलरना. हिशेब बसतो कसा? कळ्या पाडणारे हात घरचे, खुर्ची कधी थंड होत नाही, भिंतीवर कॅलेंडरखेरीज सजावट नाही. कारखान्यातून गोठवलेले नग आणून नुसते वाफवून देणारी हॉटेलंही आहेत, पण ती पारी पहिल्या घासालाच चुगली करते: जाड, रबरी, कळ्या सगळ्या एकासारख्या एक. म्हणून गल्ल्यावरची बाई हसत नाही याचा मला राग येत नाही. त्या घराची सगळी ताकद पारी पातळ करण्यात गेलेली असते. हसायला वेगळं माणूस ठेवलं तर करंडी महागेल.

2009 साली हाँगकाँगच्याच मॉंगकॉक भागात टिम हो वान नावाचं जेमतेम वीसेक खुर्च्यांचं हॉटेल निघालं, तेही एका पंचतारांकित हॉटेलातून बाहेर पडलेल्या डिमसमच्या आचाऱ्याचं. लवकरच त्याला हॉटेलांचा दर्जा ठरवणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, दारात रांगा लागल्या आणि पुढे देशोदेशी शाखा झाल्या. चांगलंच झालं म्हणायचं. पण छोट्या हॉटेलाचं भलं झालं की ते छोटं राहत नाही, हा त्यातला वांधा.

दोघं जण गेलात तर एक अडचण येते. 'हा गाउ' चार, 'शिऊ माय' या उघड्या तोंडाच्या पुड्याही चार, वाटणी सरळ. 'चार शिऊ बाओ' हे वाफवलेले पाव मात्र (नावातला 'चार' म्हणजे आकडा नव्हे) करंडीत तीनच येतात. पांढरेशुभ्र, वर उकललेले, आत गोडसर डुकराचं मांस. तिसरा एकमेकांकडे सरकवत राहायचं, निम्मा करायला गेलं तर सारण बशीत. यावर तोडगा एकच, आणखी एक करंडी मागवायची. या धंद्याचं गणित बहुधा त्यावरच चालत असावं.

पैसे द्यायला कागद घेऊन गल्ल्यावर जायचं. तिथे हमखास दोन वयस्क माणसं बिल कोणी द्यायचं यावरून हमरीतुमरीवर आलेली असतात. एक दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा खांद्याने ढकलतो, आवाज चढतात. बाई दोघांकडेही बघत नाही. ज्याची नोट आधी हातात पडते ती घेते, सुटे परत करते आणि दारातल्या पुढच्या माणसाला विचारते, किती जण?